अकरा म्हणजे बारा

‘परवा सकाळी अकरा वाजता’ असा वहिनीचा निरोप फोनवर उमटला तेव्हा ती धुलाईच्या दुकानात काउंटरपाशी उभी होती, आणि तिच्या मनानं सगळ्यात आधी काय केलं असेल, तर त्या अकरात एक मिळवला. म्हणजे बारा. दादा गेल्याचं सकाळी सातला कळलं होतं. भाच्याचा फोन होता, आवाज हुबेहूब बापाचा, त्यामुळे दादानंच फोन करून दादा गेल्याचं सांगितलं असं क्षणभर वाटून गेलं होतं. त्यानंतर तिनं तिकीट काढलं, बॅग भरली, झाडाला पाणी घालायला शेजारणीकडे किल्ली दिली. आणि मग अशा दिवशी माणसं पुढे काय करतात ते न सुचल्यामुळे काळा कोट आणायला इथे आली होती. सकाळपासून रडू आलं नव्हतं. आता, त्या दोन ओळी वाचताना, ते येईलसं वाटलं खरं, पण त्याच्या आधी हे बारा पुढे येऊन बसले. “बारा,” ती मोठ्यानं म्हणाली. “बारा कुठले बाई,” दुकानदार म्हणाला, “एकच कोट आहे तुमचा.” तिनं कोट घेतला. बाहेर येऊन थांब्यावर उभी राहिली. बस दोन मिनिटं उशिरा आली. हे तिनं पाहिलं, आणि आपण ते पाहिलं हेही पाहिलं.

तिला घरात खरी वेळ कुणी कधी सांगितलीच नव्हती. लहानपणी ती हळू होती. हळू म्हणजे आळशी नव्हे. बुटाची नाडी बांधायला बसली की नाडीत रमायची, केस विंचरता विंचरता आरशातल्या भिंतीकडे बघत राहायची. दादा तिच्याहून तीन वर्षांनी मोठा. त्यानं तिचं नाव ठेवलं गोगलगाय, त्याचं झालं गोगल, आणि मग खरं नाव फक्त शाळेच्या हजेरीत उरलं. आईनं यावर उपाय काढला तो असा, की तिला प्रत्येक गोष्टीची वेळ अर्धा तास आधीची सांगायची. साडेआठची शाळा तिला आठची. सहाचं लग्न तिला साडेपाचचं. हे तिला बरीच वर्षं माहीत नव्हतं. कळलं ते नवव्या वर्षी, शाळेच्या सहलीच्या दिवशी. साडेसहाला बस सुटणार म्हणून ती एका पायात मोजा आणि एका पायात नुसताच बूट अशी धावत सुटली, मागून दादा दोघांच्या पिशव्या घेऊन. शाळेच्या मैदानात पोचली तर तिथे चिटपाखरू नव्हतं. फाटक अर्धवट उघडं, पायऱ्या ओल्या, कुणीतरी विसरलेला एक चेंडू. “गेली का रे बस?” ती रडवेली झाली. दादा पायरीवर बसला, पिशवीतून तिचा दुसरा मोजा काढून तिच्या हातात दिला आणि म्हणाला, “घाल आधी. बस सातला आहे.” मग तो इतका हसला की त्याला ठसका लागला. तिनं विचारलं, “मग तू कशाला इतक्या लवकर उठलास?” त्यावर तो म्हणाला, “तुला एकटीला कसं पाठवणार? आणि मी घरी राहिलो असतो तर तुला कळलं नसतं का, गोगल?” पुढचा अर्धा तास दोघं त्या पायरीवर बसून होती. समोरच्या इमारतींवरच्या पाट्या वाचायचा खेळ दादानं तिथे काढला. लांबची पाटी ज्याला वाचता येईल त्याला एक बिस्कीट. ती नेहमी हरायची. दादाच म्हणाला, “तुझे डोळे बिघडलेत बहुतेक,” आणि ते खरं निघालं. महिन्याभरात तिला चष्मा लागला, आणि वीसेक वर्षांनी दादानं चष्म्यांचं दुकान काढलं. या दोन गोष्टींचा एकमेकींशी काही संबंध होता की नाही, हे तिनं त्याला कधी विचारलं नाही.

कळल्यावर ती अर्थातच सांगितलेल्या वेळेत अर्धा तास मिळवू लागली. मग आईनं अर्ध्याचा पाऊण केला. तिनंही पाऊण मिळवला. शेवटी भाव एका तासावर येऊन ठरला आणि पुढे पन्नास वर्षं तिथून हलला नाही. दोन्ही बाजूंना सगळं माहीत होतं, तरी एकमेकांसमोर कुणी बोलून दाखवत नसे. घरात त्याला गोगलची वेळ म्हणत. “आपल्याला सातला निघायचंय, म्हणजे गोगलला सहा सांगा.” दाराशी उभं राहून दादा ओरडायचा, “गोगल, सगळे थांबलेत गं!” तेव्हा आई अजून न्हाणीघरात असायची आणि बाबा सदऱ्याला बटण लावत असायचे. “निघालेच!” असं तिनं आतून ओरडायचं. थांबलेला असायचा तो एकटा दादा. बूट घालून, तयार होऊन, तिच्या त्या खोट्या तासात तोच एकटा तिच्याबरोबर राहायला आलेला असायचा. ती परदेशी निघाली त्या दिवशीसुद्धा त्यानं विमानाची वेळ तासभर आधीची सांगितली होती, तिकीट त्याच्याच खिशात होतं. मग गाडीत दोघं बसून राहिली. “त्या तिकडच्या फलकावरची खालची ओळ वाच,” दादा म्हणाला. तिनं वाचली. “नंबर वाढला नाही,” तो म्हणाला, आणि काचेतून पलीकडे बघत राहिला.

विमानात तिला खिडकीची जागा मिळाली. शेजारी एक पोक्त बाई होत्या, बोलक्या. “कामासाठी चाललात की सहज?” त्यांनी विचारलं. “भावाला भेटायला.” “अरे वा. घ्यायला येतील ना?” “तो नेहमी तासभर आधीच येऊन थांबतो,” ती म्हणाली, आणि आपण खोटं बोललो का याचा विचार करत राहिली. तसं त्यात खोटं काही नव्हतं. बाई झोपल्या. समोरच्या छोट्या पडद्यावर विमानाचं चित्र नकाशावरून मुंगीसारखं सरकत होतं आणि खाली उरलेला वेळ दिसत होता. ती नोकरीभर हेच करत आली होती. शहराच्या बसगाड्यांची वेळापत्रकं आखायची. कुठली गाडी कुठल्या थांब्यावर किती वाजता, चढाला किती मिनिटं, शाळा सुटायच्या वेळी किती. लोकांना वाटतं की वेळापत्रक म्हणजे गाडी कधी कुठे असेल ते. पण त्यातली खरी करामत शेवटच्या थांब्यावर असते. तिथे चार मिनिटं मोकळी सोडावी लागतात. वाटेत उशीर झालेली गाडी त्या चार मिनिटांत आपला उशीर झाडून टाकते आणि परतीला वेळेवर निघते. आणि ज्या दिवशी उशीर झालेला नसतो त्या दिवशी चालक इंजिन बंद करून, दार उघडं टाकून नुसता बसतो. वरचे साहेब दरवर्षी विचारायचे की ही चार मिनिटं कापली तर? ती म्हणायची, “कापा, आणि मग बघा.” तेवढ्या एका गोष्टीवर ती एकोणतीस वर्षांत कधी हटली नाही.

ती नोकरी लागली त्या पहिल्याच दिवशी एक फजिती झाली होती, ती तिनं घरी कुणाला कळवली नाही. आठला या, असं सांगितलं होतं. ती नऊला पाच कमी असताना पोचली, छान भांग पाडून, हसतमुखानं. साहेबांनी भिंतीवरच्या घड्याळाकडे नुसतं पाहिलं. ते रागावले नाहीत. तेव्हा तिला कळलं की इथे आठ म्हणजे आठ. ती बाथरूममध्ये जाऊन रडली. लाज वाटली म्हणून नव्हे; या सबंध शहरात आपल्याशी खोटं बोलावं इतकं आपलं कुणाला काही वाटत नाही, याचं ते रडू होतं. दुसऱ्या दिवसापासून ती पावणेआठला हजर. पुढे एकोणतीस वर्षांत तिला एकदाही उशीर झाला नाही. निवृत्तीच्या दिवशी कचेरीनं त्याबद्दल तिला एक पितळी घड्याळ दिलं, मागे अक्षरं कोरून. ते तिनं कपाटात चादरींच्या खाली ठेवलं. घरून कुणी कधी पाहुणं आलंच तर नजरेस पडू नये म्हणून.

कारण घरी ती अजून गोगल होती, आणि गोगलला उशीर व्हायलाच हवा होता. दोन-तीन वर्षांनी एकदा ती यायची, आणि तेवढ्या दिवसांत उशीर करायचं काम नेमानं, मन लावून करायची. वेळेच्या आधी पोचायची तिला आता सवयच लागली होती. म्हणून मग कोपऱ्यावर थांबायचं, एखाद्या दुकानात शिरून नको असलेल्या बटणांचे भाव विचारायचे, घड्याळ बघायचं आणि अगदी हिशेबानं पाच मिनिटं उशिरा दारात उभं राहायचं. “आली! गोगलगाय आली!” असं दादा म्हणाला की बॅग खाली ठेवायची. तोवर आपण आलो असं तिला वाटायचंच नाही. मागच्या खेपेला, दोन वर्षांपूर्वी, तर तिनं कमाल केली होती. दादानं डोळे तपासायला दुकानात बोलावलं होतं. चारला ये. म्हणजे पाच. ती साडेचारपासून दुकानासमोरच्या चहाच्या हॉटेलात खिडकीशी बसून होती. दुकान पहिल्या मजल्यावर, रस्त्याकडच्या काचेवर रंगवलेला भला मोठा चष्मा. त्या चष्म्याच्या डाव्या भिंगात दादाचं पांढरं डोकं दिसायचं, रस्त्याच्या दोन्ही टोकांकडे बघायचं, नाहीसं व्हायचं. तीनदा आलं. तिला हसू आवरेना. पाच वाजून पाच मिनिटांनी ती उठली, रस्ता ओलांडला आणि तो जिना धावत चढली, म्हणजे खरंच घाईनं आल्यासारखं वाटेल. बासष्टाव्या वर्षी. वर पोचली तेव्हा नाटकाची गरजच उरली नव्हती. श्वास मावत नव्हता, छातीत बारीक कळ आली आणि ती तपासणीच्या खुर्चीत बसून राहिली, छातीवर हात ठेवून. दादानं पाणी आणून दिलं. “सगळे थांबलेत” असं तो म्हणाला नाही, गोगलगायही म्हणाला नाही. “बस जरा. बस,” एवढंच. मग दिवा मालवून त्यानं तिच्या डोळ्यांपुढे भिंगं बदलायला सुरुवात केली. “हे बरं की ते बरं? आता? आता हे बरं की ते?” आणि शेवटी तो छोटा दिवा घेऊन तिच्या डोळ्यांत बघत राहिला, नेहमीपेक्षा बराच वेळ, इतका जवळून की त्याच्या श्वासातला लवंगेचा वास तिला येत होता. तिला वाटलं, लबाडी पकडलीय यानं, आता हसेल. पण तो हसला नाही. नवा चष्मा झाला. तोच आता तिच्या डोळ्यांवर होता.

सकाळी साडेसातला विमान उतरलं, अगदी वेळेवर. घ्यायला येतो असं भाचा म्हणाला होता, तिनंच नको म्हटलं होतं: तुम्ही तिकडचं बघा, मी थेट तिथेच येते. बॅग मिळाली, गाडी मिळाली. चालक तरुण आणि मितभाषी, दोन्ही तिला चाललं. शहर होतं तिथेच होतं. इमारती उंच झाल्या होत्या आणि त्यांच्या मध्ये आभाळाच्या पट्ट्या राहिल्या होत्या. विद्युतदाहिनीचा पत्ता तिनं सांगितला, आणि गाडी बरीचशी वाट कापून गेल्यावर म्हणाली, “आधी जरा बाजाराच्या रस्त्याला घ्या.” “उशीर नाही ना होणार तुम्हाला?” “नाही. भरपूर वेळ आहे.”

दहा वाजता ती त्याच हॉटेलात त्याच खिडकीशी बसली होती. टेबल बदललं होतं, खिडकी तीच. समोर काचेवरचा चष्मा तसाच होता, उजव्या भिंगाचा रंग एका जागी उडालेला, आतून पडदा ओढलेला. जिन्याच्या तोंडाशी एक कागद चिकटवला होता. तो इथून वाचता येत नव्हता आणि वाचायची गरजही नव्हती. वेटरनं चहा आणून ठेवला. “पलीकडचे चष्मेवाले गेले,” तिची नजर बघून तो म्हणाला. “चांगला माणूस. माझ्या आईचा चष्मा त्यांनीच केलेला. तुमची ओळख होती का?” “हो,” ती म्हणाली, “माझेही डोळे तेच तपासायचे.” “मग आता पंचाईत,” वेटर म्हणाला आणि दुसऱ्या टेबलाकडे गेला.

ती त्या डाव्या भिंगाकडे बघत राहिली. तिथे कुणी येणार नव्हतं हे तिला ठाऊक होतं. ती काही वेडी नव्हती. तरीही नजर तिथून निघेना. ज्या ठिकाणी आता खरोखर जायचं होतं, तिथे दादा डोळे मिटून पडलेला असणार. मिटलेल्या डोळ्यांचा दादा तिनं आठवून पाहिला आणि तो तिला आठवला नाही. लहानपणी ती नेहमी त्याच्या आधी झोपायची आणि त्याच्या मागून उठायची. झोपलेला दादा तिनं पाहिलाच नव्हता. बघायचं तर होतं. शेवटचं बघायचं म्हणून तर एवढं अंतर कापून ती आली होती, ते चुकलं असतं तर बाकी कशालाच अर्थ नव्हता. पण थोड्या वेळानं. अजून दोन तास होते. त्यातला एक तर घराण्यानं दिलेला, तिच्या हक्काचा तास. त्यातली मिनिटं एकेक करून सरताना तिला बरं वाटत होतं. बाहेर एक बाई छत्री हातात धरून, न उघडताच, कुणाची तरी वाट बघत उभी होती. साडेदहा झाले. पावणेअकरा. अकरा वाजले तेव्हा हॉटेलातल्या घड्याळानं टोलबिल काही दिला नाही, काटा नुसता त्या जागी आला आणि पुढे गेला. तिनं दुसरा चहा मागवला.

अकरा वाजून दहा मिनिटांनी फोन वाजला. भाचा होता.

“आत्या, कुठे आहेस?”

“आले रे. जवळच आहे.”

“सगळे थांबलेत गं.”

तोच आवाज. तीच ओळ, शेवटच्या ‘गं’वर जराशी खाली उतरणारी. तिनं डोळे मिटले. पन्नास वर्षांचं अख्खं घर त्या फोनमधून आत आलं. न्हाणीघरातलं पाणी, बाबांचं बटण, दाराशी बूट घालून उभा असलेला एक मुलगा. म्हणजे यानंही उचललं तर. बापाची खुर्ची रिकामी राहिली नाही. तिला इतकं हायसं वाटलं की तिनं न चुकता तिच्या वाटणीचं उत्तर दिलं.

“निघालेच!”

फोन ठेवून तिनं चहा संपवला, गार होऊ न देता आणि घाई न करता. साडेअकराला उठली. वेटरनं दार धरलं. गाडीत बसल्यावर तिनं कोट घातला, केसांवरून हात फिरवला, चष्मा पुसला. पंधरा-सतरा मिनिटांचा रस्ता. बाराला दहा-बारा मिनिटं असताना आपण पोचू. आज उशीर करायचा नाही हे तिनं विमानातच ठरवलं होतं. आज गोगल वेळेच्या आधी येणार होती, आणि सगळ्यांच्या भुवया वर जाणार होत्या.

फाटकातून आत गेली तर समोरच्या दालनातून माणसं बाहेर येत होती. वीस-पंचवीस असतील. आधीच्या कुणाचीतरी, तिच्या मनात आलं. इथे असं एकामागून एक चालतं. ती वाटेच्या कडेला झाली आणि मान खाली घालून उभी राहिली, दुसऱ्याच्या दुःखाला वाट द्यावी तशी. माणसं जवळून जात होती. टक्कल पडलेले, पांढऱ्या केसांचे, काठी टेकणारे. कुणीतरी हळूच म्हणत होतं, “शेवटपर्यंत दुकानात जात होता हो,” आणि दुसरं म्हणालं, “माझी भिंगं त्याच्याकडून यायची राहिलीयत.” हे तिनं ऐकलं. पण त्या शब्दांचा अर्थ तिच्यापर्यंत यायला थोडा वेळ लागला, लांबच्या पाटीसारखा. तिनं मान वर केली. समोर वहिनी उभी होती. वहिनीच्या एका हाताला भाचा होता आणि दुसऱ्या हातात दादाचा चष्म्याचा डबा.

“वन्सं,” वहिनी म्हणाली. आवाजात राग नव्हता, नुसता थकवा होता. “अकरा सांगितलं होतं हो.”

“आत्या, तू निघालेच म्हणालीस ना? मी इथल्या लोकांकडून पंचवीस मिनिटं मागून घेतली होती. त्यापुढे ते थांबायला तयार नव्हते. कुठे अडकलीस? गाडी बंद पडली का?”

हो म्हणता आलं असतं. भाच्यानं उत्तर तयार करून हातातच दिलं होतं.

“नाही रे,” ती म्हणाली. “मला वाटलं अकरा म्हणजे बारा.”

भाच्याला काही कळलं नाही. तो एकदा आईकडे आणि एकदा आत्याकडे बघत राहिला. वहिनीचा हात मात्र तोंडावर गेला, चष्म्याच्या डब्यासकट.

“अगं बाई,” ती म्हणाली. “अहो, पण त्यांनीच... वन्सं, मागच्या खेपेला तुम्ही जिना धावत चढून आलात ना, दुकानाचा? घरी येऊन जेवले नाहीत त्या दिवशी. म्हणाले, ‘माझ्या खोट्या वेळेपायी ती पडेल एखाद दिवशी कुठेतरी. तिचा चेहरा पांढरा झाला होता. आता पुरे. यापुढे गोगलला खरी वेळ सांगायची.’ माझ्याकडून वचन घेतलं त्यांनी. मग मी परवा... मी तुम्हाला खरी वेळ कळवली.”

हॉटेलातली खिडकी, नको असलेली बटणं, जिन्यावर मुद्दाम टाकलेली ती धावती पावलं, हे सगळं सांगायला फार वेळ लागला नसता. दोन वाक्यांत झालं असतं. पण ज्याला सांगायचं होतं तो एकच होता, आणि त्यानं ते खरं मानलं होतं. त्या दिवशी तो दिवा घेऊन इतका वेळ तिच्या डोळ्यांत काय बघत होता ते आता तिला कळलं. लबाडी नव्हता शोधत. भ्यायला होता. तिला वाटलं आता रडू येईल, आणि ती थांबून राहिली, पण ते आलं नाही. नुसतं जाणवत राहिलं की चष्म्याची उजवी काडी कानामागे जराशी दाबते आहे, आणि ती सैल करायला आता कुणाकडे जायचं.

“आत बसू का मी थोडं?” तिनं विचारलं.

दालन रिकामं होतं. खुर्च्यांच्या रांगा, समोर एक धातूचं बंद दार, कोपऱ्यात एक कर्मचारी केरसुणीनं फुलांच्या पाकळ्या गोळा करत होता. “पुढचे साडेबाराला आहेत,” तो म्हणाला. “तोवर बसा की. खुर्च्यांचं काही नाही.” ती दुसऱ्या रांगेत बसली. पहिल्या रांगेत बसायचं धाडस झालं नाही. भिंतीवर आजचा फलक होता, वेळा आणि नावं. तिनं बसल्या जागेवरून वरची ओळ वाचली. मग दुसरी. तिसऱ्या ओळीत अकरा होतं, आणि पुढे दादाचं नाव, संपूर्ण, बाबांच्या नावासकट, जसं हजेरीत असायचं तसं. अक्षर नि अक्षर स्वच्छ दिसत होतं. भिंगं अगदी बरोबर बसली होती.

मागे पावलं वाजली. वहिनी येऊन तिच्या शेजारच्या खुर्चीत बसली, आणि वहिनीच्या पलीकडे भाचा. बाहेर गाड्या सुरू झाल्याचे आवाज येत होते, मंडळी पांगत होती. कर्मचाऱ्यानं पाकळ्या सुपलीत भरल्या आणि तो बाहेर निघून गेला. भाच्यानं घड्याळ पाहिलं, आईकडे पाहिलं, मग जरा वाकून, बापाच्याच आवाजात, पण अगदी हळू विचारलं:

“आत्या, निघायचं?”

तिनंही मनगटावर पाहिलं. बाराला चार कमी होते.

“अजून चार मिनिटं आहेत,” ती म्हणाली.

वहिनीनं मान हलवली आणि चष्म्याचा डबा मांडीवर नीट ठेवला. भाचा पुन्हा खुर्चीत मागे टेकला. दालनाचं दार उघडंच होतं. तिघं समोर बघत बसून राहिली.